खिंडीपर्यंत एक चक्कर

मंचरच्या दुकानाबाहेर विजेवर चालणारी निळी ‘सारंगा’ स्कूटर उभी होती आणि भगवंत पडवळ तिच्यापाशी उकिडवे बसून पुढच्या चाकाकडे बघत होते. पाच मिनिटं झाली तरी ते उठेनात. दुकानदार जिनेश हातात किल्ली घेऊन ताटकळत होता. वृषालीला अवघडल्यासारखं झालं.

गाडी तिला घ्यायची होती. ती आशा सेविकांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक. महाळुंगे पडवळच्या घरातून रोज निघायचं आणि खिंडीपलीकडच्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक. मधल्या वेळेत दुधाचा टेम्पो नाहीतर कुणाची तरी मोटारसायकल, आणि ती थांबवायला रस्त्याकडेला हात करून उभं राहायचं. चौतीस वर्षांच्या बाईला हे नको झालं होतं. नवरा समर्थ चाकणला कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. तो म्हणाला, तुझ्या पगाराची गाडी, तूच ठरव. तिनं ठरवलं, पण सासरे म्हणाले, मी बघितल्याशिवाय न्हाई.

भगवंतांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीचा एकही अपघात नव्हता. निवृत्त झाले तरी रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून ते सांगायचे, याचा क्लच गेलाय.

“कंपनी कुठली म्हणला?” त्यांनी बसूनच विचारलं.

“गुजरातची हाय, काका. नवीन हाय, पण माल चांगला. एका चार्जिंगमध्ये एकशेवीस किलोमीटर.”

“दोन माणसं बसवून?”

जिनेशनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. “मग नव्वद धरा.”

“आन् चढाला?”

“आता चढ-उतार सगळं मिळूनच असतंय ना, काका.”

भगवंत गुडघ्यावर हात टेकून उठले. “वृषाली जिथनं रोज जाणार तिथनं ही चालवून बघायची. महाळुंगं, आन् वर खिंड. खिंड चढली तर बोलू.”

“एवढ्या लांब टेस्ट राईड कुणी देत न्हाई, काका. स्टँडपर्यंत एक चक्कर मारा की.”

“स्टँडपर्यंत तर मी चालत बी जातो.”

वृषाली हळू आवाजात म्हणाली, “मामा, राहू द्या.” सासऱ्यांना ती मामाच म्हणायची. पण आत गादीवर बसलेले जिनेशचे आजोबा सुवालाल ऐकत होते. पूर्वी त्यांचं कापडाचं दुकान होतं, तेव्हा आठवड्याच्या बाजाराला जाताना ते भगवंतांच्या एसटीत पुढच्या सीटवर बसायचे.

“जिनेश, जाऊ दे त्यांना,” ते म्हणाले. “आणि तूपण मागं जा. गिऱ्हाईक जिथं वापरणार तिथंच वस्तू बघणार ना.”

जिनेशनं नाइलाजानं किल्ली वृषालीच्या हातात दिली आणि स्वतःची पेट्रोलची स्कूटर काढली.

*

हायवेला लागताच वृषालीचा सगळा संकोच गेला. मूठ जराशी पिळली की गाडी मऊ पुढे सरकायची. ना धक्का, ना धूर. समर्थची मोटारसायकल ती चालवायची तेव्हा गिअर टाकताना पायाला कळ लागायची, इथे गिअरच नव्हते. मार्चचं ऊन कडक होतं, पण वारा लागत होता. दोन्ही बाजूंना कांद्याची काढणी चालली होती.

मागे बसलेले भगवंत मात्र अस्वस्थ होते.

“हिला आवाजच न्हाई,” ते म्हणाले. “आवाज न्हाई तर तिला काय व्हतंय ते मला कळायचं कसं?”

“स्क्रीनवर सगळं दिसतं, मामा. चौऱ्याण्णव टक्क्यांवर निघालो आपण.”

त्यांनी खिशातलं पेन काढून तळहातावर चौऱ्याण्णव लिहिलं. कळंबला गाडी थांबवायला लावून पंच्याऐंशी लिहिलं. महाळुंग्यात शहात्तर. तिथे घर होतं, पण त्यांनी पाणी प्यायलाही थांबू दिलं नाही.

“सपाटीला बरी हाय,” एवढंच म्हणाले.

वृषालीला हसू आलं. सासऱ्यांच्या तोंडून बरी म्हणजे लई झालं. आता खिंड चढली की गाडी घरात आलीच.

खिंडीच्या पायथ्याशी उसाचा ट्रॅक्टर दिसला. मागे दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर डोंगरासारखा रचलेला ऊस, पाचटाचे शेंडे दोन्हीकडून रस्त्यावर लोंबणारे. जुन्नरच्या बाजूच्या कारखान्याला निघाला होता. टपाला बांधलेल्या स्पीकरवर गाणी मोठ्यानं चालली होती. वृषालीनं हॉर्न दिला, मूठ पिळली आणि सारंगा सर्रकन त्याला ओलांडून पुढे गेली. आरशात तिला दिसलं, जिनेशची स्कूटर मात्र दुसऱ्या ट्रॉलीमागे अडकली. पुढचा रस्ता अरुंद होता.

पहिलं वळण गाडीनं झोकात घेतलं. दुसऱ्या वळणाला मूठ पूर्ण पिळलेली असूनही वेग कमी होतोय असं तिला वाटलं.

“किती टक्के?” भगवंतांनी विचारलं.

“अठ्ठावन्न.”

“आत्ता खाली एकाहत्तर व्हतं.”

सीटच्या खालून गरम हवा पोटऱ्यांना लागत होती. काहीतरी जळकट, प्लॅस्टिकसारखा वास आला. भगवंतांनाही आला असावा, कारण ते पुढे झुकले.

“वृषाली, जागा बघून कडेला घे.”

पण तिथे कडेला जागाच नव्हती. डावीकडे कातळ कापून काढलेला होता, उजवीकडे हातभर उंचीचा कठडा आणि त्याखाली ओढा. ती म्हणाली, “वळण संपलं की घेते.” स्क्रीनवर सत्तेचाळीस दिसलं, मग एक तांबडं चिन्ह लुकलुकलं आणि स्क्रीन काळी झाली. गाडी खाडकन थांबली. मागचं चाक कुणीतरी पकडून धरल्यासारखं.

दोघंही पडता पडता वाचली. वृषालीनं पाय टेकवले, भगवंत उडी मारून उतरले.

“बंद कर, परत चालू कर.”

तिनं किल्ली फिरवली. काहीच नाही. दोन्ही ब्रेक सोडून तिनं गाडी कातळाकडे ढकलायचा प्रयत्न केला. पुढचं चाक वळलं, मागचं हललं नाही. भगवंतांनी मागून जोर लावला. चाक वीतभर फिरलं आणि पुन्हा जाम झालं. गाडी रस्त्याच्या बरोबर मधोमध आडवी उभी होती.

खालून गाण्याचा आवाज जवळ येऊ लागला.

“मामा, ट्रॅक्टर.”

“ऐकतोय मी.” भगवंतांचा चेहरा पांढरा पडला होता. वृषालीनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. “ट्रॅक्टर चढाला थांबला तर गेला. मागं दोन ट्रॉल्या, त्यांना ब्रेक नसत्यात. सगळं वजन त्याला मागं वढील. सोड गाडी.”

“अहो पण…”

“सोड ती गाडी, आन् कठड्याला चिकट.”

ते खांद्यावरचा टॉवेल काढून उताराला धावत सुटले. पासष्ट वर्षांचा माणूस, पायात चपला. वळणावर ट्रॅक्टरचं तोंड दिसलं तेव्हा ते त्याच्यापुढे उभे राहिले नाहीत. कडेनं धावत टॉवेल हलवत ओरडत होते, “थांबू नको. गाडीवरनं घे. चिरडू दे, थांबू नको.”

ड्रायव्हरला गाण्यात काही ऐकू गेलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की एक म्हातारा टॉवेल हलवतोय आणि पुढे नवीकोरी गाडी रस्त्यात आडवी पडलीय, तिच्यापाशी बाई. कुणीही केलं असतं तेच त्यानं केलं. ब्रेक दाबला.

ट्रॅक्टर थांबला. क्षणभर सगळं स्थिर राहिलं. मग त्याची पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून हळूच वर उचलली गेली आणि परत टेकली. मोठी चाकं खडीवर करकरत मागे घसरू लागली.

वळणामुळे वृषालीला दुसरी ट्रॉली पूर्ण दिसत होती. आणि तिच्या मागे, अगदी मागे, जिनेश दिसला. तो स्कूटर वळवायला बघत होता. चाक खडीत घसरलं, स्कूटर आडवी झाली आणि तिच्याखाली त्याचा पाय अडकला. ट्रॉलीचं चाक त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर होतं.

कठड्याचे दोन-तीन दगड सुटून खाली पडले होते. वृषालीनं त्यातला एक उचलला. एरवी तिला तो उचलता आला नसता. तो छातीशी धरून ती कातळाच्या बाजूनं ट्रॉल्यांच्या कडेनं खाली पळाली. उसाचे शेंडे तोंडावर ओरबाडत होते. दुसऱ्या ट्रॉलीच्या मागच्या चाकामागे तिनं दगड टाकला. चाक त्याच्यावर आलं, दगड बंदुकीच्या गोळीसारखा बाजूला उडाला आणि कातळावर आपटला.

“मोठा,” वरून भगवंत ओरडले. “चपटा बघ, चपटा.” मग ते ड्रायव्हरच्या बाजूला चढले. त्यांचा आवाज एकदम शांत झाला, तरी तो तिला ऐकू येत होता, कारण त्यांनी आधी स्पीकरची वायर उपटली होती. “ब्रेकवरनं पाय काढू नको, लेकरा. मागं बघू नको. गिअर हाय तसा राहू दे. माझ्याकडं बघ.”

ट्रॉली सरकतच होती, सावकाश, हातभर, आणखी हातभर. वृषालीला रस्त्याकडेला पुलाच्या मोरीचा फुटलेला काँक्रीटचा तुकडा दिसला, फरशीसारखा. तिला तो उचलवेना. तिनं तो ओढत आणला, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चाकामागे सारला आणि हात काढून घेतले. चाक त्यावर आलं. तुकडा खडीत रुतला, करकरला, उताराकडे ढकलला गेला. मग थांबला.

सगळं थांबलं. वरून उसाची एक मोळी सुटून धपकन रस्त्यावर पडली.

जिनेश ओरडत नव्हता. स्कूटरचं पुढचं चाक ट्रॉलीच्या मागच्या फळीखाली दबलं होतं आणि तो आपला पाय दोन्ही हातांनी ओढत होता. वृषालीनं स्कूटर उचलून धरली, तो सरपटत बाहेर आला. भगवंतांनी वर ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांमागेही दगड रचले, चारदा तपासले आणि मगच ड्रायव्हरला खाली उतरू दिलं. सुनील त्याचं नाव. खाली उतरला आणि रस्त्यातच बसला.

*

जिनेशला त्यांनी कातळाच्या सावलीला बसवलं. वृषालीनं त्याचा बूट काढला. घोटा सुजायला लागला होता. बोटं हलवायला सांगितली, ती हलली. पिशवीतल्या ओढणीनं तिनं घोटा घट्ट बांधला.

“ताई,” जिनेश म्हणाला, “हे मला माहीत होतं.”

तिनं मान वर केली.

“म्हणजे असं होईल हे न्हाई. पण पिंपळवंडीच्या एक ताई आहेत, हर्षाली म्हणून. त्यांची गाडी चढावर अशीच बंद पडली व्हती. दोनदा फोन केला त्यांनी. मी म्हणलं, तुमी चार्जिंग नीट करत नसाल. कंपनीला विचारलं तर ते म्हणाले, नव्या गाडीत असं होतं, सांगा गिऱ्हाईकाला. मी सांगितलं.” त्यानं बांधलेल्या घोट्याकडे बघितलं. “तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तो मी उचललाच न्हाई.”

वृषालीला राग आला होता, पण समोरचा माणूस नुकता चाकाखालून निघाला होता.

भगवंत जवळ आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“अशा किती गाड्या दिल्यास?”

“सात.”

“फोन लाव.”

“काका, दुकानात जाऊन…”

“आत्ता लाव. या घडीला त्यातला कोण कुठल्या चढाला असल, तुला ठाव हाय का?”

जिनेशनं फोन काढला. काच तडकली होती, पण चालू होता. एकेकाला तो सांगत गेला, गाडी चालवू नका, जिथे आहात तिथे थांबवा, मी येऊन घेऊन जातो. पहिल्याला कारण सांगताना अडखळला, तिसऱ्याला सरळ सांगितलं की गाडीत दोष आहे, मला आधी कळायला हवं होतं. कुणी शिव्या दिल्या असाव्यात, कारण एका फोनवर तो बराच वेळ नुसता ऐकत बसला. सहा जणांशी बोलणं झालं.

हर्षाली फोन उचलेना. रिंग वाजून बंद व्हायची. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही.

“त्या रोज पोरीला शाळेतून आणायला जातात,” जिनेश म्हणाला. “नदीच्या पुलानंतर चढ आहे तिथं.” त्यानं घड्याळ बघितलं. शाळा सुटायची वेळ झाली होती.

वृषालीनं त्याच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः लावला. सुनीलही उठून जवळ आला होता. रिंग वाजत राहिली. बंद होता होता पलीकडून म्हातारा, दमलेला आवाज आला.

“कोण बोलतंय?”

“हर्षाली आहेत का?”

“मी तिची सासू, बयाबाई. ती गोठ्यात हाय. काय काम व्हतं?”

“मंचरच्या दुकानातून बोलतेय. त्यांची ती निळी गाडी… ती बाहेर नेलीय का आज?”

“ती व्हय?” बयाबाई म्हणाल्या. “ती आमी कवाचीच बंद करून टाकलीय. पडवीला हुबी हाय. तिच्यावर कांद्याच्या रिकाम्या पिशव्या ठेवतोय. तुमी फोन उचलत न्हाई म्हणल्यावर काय करायचं मग. नात आता चालतच येती शाळंतनं.”

वृषालीनं फोन जिनेशकडे दिला. “तुम्ही बोला त्यांच्याशी.”

तो बोलला. काय बोलला ते तिनं ऐकलं नाही. ती कठड्याला टेकून उभी राहिली.

थोड्या वेळानं भगवंत तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. आता मामा म्हणणार, मी सांगितलं व्हतं, असं तिला वाटलं. त्यांनी हात पुढे केला. तळहातावरचे आकडे घामानं पुसले गेले होते.

“गाडी पहिल्यांदा जाम झाली तवा तू पडू दिली न्हाई,” ते म्हणाले. “मी मागं बसलो व्हतो. माझं वजन सांभाळून तू पाय टेकवलंस. माझ्या हाताखाली शिकलेल्या निम्म्या पोरांना जमलं नसतं.”

*

जिनेशच्या घोट्याचं हाड चिरलं होतं. प्लॅस्टर होतं तोवर सुवालाल रोज दुकान उघडायचे आणि आलेल्या माणसाला सांगायचे की सारंगा विकायला नाही. सातही गाड्या टेम्पोतून परत आणल्या. कंपनीचा माणूस आधी येत नव्हता. सुवालालांनी सगळ्या गिऱ्हाइकांची तक्रार एकाच कागदावर लिहून, सह्या घेऊन पाठवली तेव्हा आला. त्यानं सीटखालचा डबा उघडला. बॅटरीतून मोटरला वीज देणारा तो डबा, त्याला ते कंट्रोलर म्हणत होते. चढावर तो तापायचा आणि आतला एक भाग जळून मोटर जाम व्हायची. सगळ्या गाड्यांचे डबे बदलले, त्यांना हवा लागेल अशी जागा केली. सातांपैकी चौघांनी तरीही गाडी परत घेतली नाही, पैसे घेतले. हर्षाली त्या चौघांत होती.

वृषाली महिनाभर पुन्हा एसटीनं आणि दुधाच्या टेम्पोनं हिंडली. खिंडीतल्या त्या वळणावर टेम्पो आला की ती डोळे मिटून घ्यायची. आशा सेविका भागू एकदा तिला म्हणाली, “ताई, झोप लागली का?” ती हो म्हणाली.

एप्रिलच्या शेवटी जिनेशचा फोन आला. “ताई, या म्हणणार न्हाई मी. फक्त सांगतो, गाडी दुरुस्त झालीय. बघायची असली तर बघा.”

तिनं भगवंतांना विचारलं. ते बैलाला पाणी दाखवत होते.

“तू चालवणार,” ते म्हणाले. “मी काय सांगू?”

“तुम्ही येणार न्हाई?”

“न्हाई.”

ती एकटी गेली. या वेळी जिनेशनं काहीही सांगितलं नाही, किती किलोमीटर चालते तेही नाही. तिनं मागे पेंडीचं पोतं बांधून घेतलं, माणसाच्या वजनाएवढं. खिंडीच्या पायथ्याशी तिनं गाडी थांबवून पाणी प्यायलं. दुसऱ्या वळणाला तिचे दोन्ही हात मुठीवर इतके आवळले गेले की बोटं पांढरी झाली. ती वास घेत राहिली, पोटऱ्यांना गरम हवा लागतेय का ते बघत राहिली. गाडी चढत होती. माथ्यावर पोहोचली तेव्हा तिला कळलं, मघापासून आपण श्वासच घेतला नाही.

खाली उतरून ती पुन्हा वर गेली. आणि पुन्हा. तिसऱ्या खेपेला बरोबर त्याच जागी तिनं मुद्दाम ब्रेक दाबून गाडी थांबवली, बंद केली, चालू केली. गाडी पोत्यासकट चढावर जागेवरून निघाली.

संध्याकाळी ती जिनेशला म्हणाली, “आठ दिवस माझ्याकडं ठेवते. मग सांगते.”

“ठेवा,” तो म्हणाला. आत गादीवर सुवालालांनी मान हलवली.

आठ दिवस ती त्या गाडीवर सगळ्या वाड्या फिरली. दुपारच्या उन्हात, भागूला मागे बसवून, औषधांची खोकी बांधून. एकदा चार्जिंग निम्म्यावर असताना मुद्दाम लांबच्या वस्तीला गेली. नवव्या दिवशी सकाळी तिनं अंगणातूनच जिनेशला फोन लावला.

“कागदपत्रं तयार करा. नाव माझं टाका, वृषाली समर्थ पडवळ.”

जिनेश म्हणाला, “बरं, ताई. नव्या मालात पांढरी बी आलीय, लाल बी हाय. कुठली काढून ठेवू?”

“नवी नको,” ती म्हणाली. “हीच द्या. ही मी बघितलीय.”